कोहिमाच्या रणभूमीवर नाव कसं शोधावं: कबर, दहनस्मारक की रंगूनचे खांब?

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या पणजोबांचं नाव शोधत कोहिमाला येणारी मराठी माणसं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतात. फाटकातून आत शिरतात, ओळीओळीने कबरी पाहत वर चढतात आणि तासाभराने दमून म्हणतात, ‘इथे सगळे गोरेच आहेत.’ नाव कदाचित वरच्या टोकाला त्यांची वाट पाहत असतं. कदाचित ते कोहिमात नसतंच, इंफाळला किंवा यांगूनजवळ (जुनं रंगून) असतं. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असे, त्यामुळे त्यांच्या नावाची कबर नाही. त्यांची नावं स्मारकावर आहेत, आणि कोणत्या स्मारकावर ते घरबसल्या कळू शकतं. म्हणून या प्रवासाचं निम्मं काम तिकीट काढण्याआधीचं आहे.

घरी: आधी तीन गोष्टी हातात घ्या

नंबर, पलटण आणि तारीख. नाव चौथं. हा क्रम उलटा वाटेल, पण नावाची इंग्रजी स्पेलिंग दगा देतात, नंबर देत नाही.

नंबर मिळण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे घरातली पदकं. त्या युद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरताच दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. गोल पदक असेल तर त्याची कड पाहा. सहा टोकांचा तारा असेल, म्हणजे ‘१९३९–४५ स्टार’ किंवा ‘बर्मा स्टार’, तर पाठीमागची बाजू पाहा. पदक काळं पडलं असेल तर ब्रासो, चिंच, राख यांपैकी काहीही लावू नका. अक्षरं फार उथळ असतात आणि दोन-तीनदा घासली की जातात. खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत जवळजवळ आडवा धरा आणि मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

पदक नसेल तर पेन्शनची जुनी कागदपत्रं, मृत्यूची तार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंद. त्यातही काही नसेल तर पलटणीच्या केंद्राच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आणि महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला आहे. पत्रात गावाचं त्या काळचं नाव, तालुका आणि वडिलांचं नाव हवंच. नुसतं ‘आमचे आजोबा महायुद्धात होते’ एवढ्यावर कुठलंही कार्यालय काही शोधू शकत नाही.

पलटणीत बटालियनचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. ‘मराठा पलटणीत होते’ यावरून आघाडी कळत नाही. पहिली, तिसरी आणि पाचवी बटालियन इटलीत लढली. नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ला त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो इटलीत, आणि त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. १९४४च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात, कोहिमा-इंफाळच्या लढाईच्या तोंडाशी, चौथी बटालियन होती. म्हणजे आकडा एक, तीन किंवा पाच असेल तर कोहिमाचं तिकीट काढूच नका.

घरी: शोध कसा घ्यावा

राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं. त्याच्या संकेतस्थळावर नोंदी फुकट शोधता येतात. शोध असा घ्या:

१. नावाची चौकट आधी रिकामीच ठेवा. युद्ध ‘दुसरं’, सेना ‘भारतीय’ आणि नंबर टाका. नंबर जुळला तर काम दोन मिनिटांत संपतं.

२. नंबर नसेल तर पलटण टाका. १९२२ ते १९४५ या काळात तिचं अधिकृत नाव ‘फिफ्थ मऱ्हाटा लाइट इन्फन्ट्री’ होतं आणि स्पेलिंगही आजचं नव्हतं. एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए असं लिहा. आजचं ‘मराठा’ स्पेलिंग टाकलं की यादी रिकामी येते आणि माणूस ‘नोंदच नाही’ असं समजून उठतो.

३. आता नाव. पवार आणि पोवार, सावंतचं ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’, जाधवच्या शेवटी ‘व्ही’ किंवा ‘ओ’, घाडगे आणि घाटगे, शिंदेचा ‘एच’ असलेला आणि नसलेला, असे सगळे प्रकार टाकून पाहा. पुष्कळ नोंदींत आडनावाच्या जागी पहिलं नाव आहे. तेव्हा ‘रामचंद्र’ हे आडनाव समजूनही एकदा शोधा. नावाला चिकटवलेला ‘राव’ काढून आणि ठेवून, दोन्ही प्रकारे पाहा.

४. ‘अधिक माहिती’च्या ओळीत बहुधा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. जिल्हे त्या काळचे आहेत हे विसरू नका. आजचा सिंधुदुर्ग १९८१मध्ये झाला, त्याआधी तो रत्नागिरीत होता. रायगडचं नाव १९८१पर्यंत कुलाबा होतं. कोल्हापूर, सावंतवाडी, सांगली, फलटण, औंध, भोर, जंजिरा ही संस्थानं होती, त्यामुळे तिथल्या माणसापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव असू शकतं.

५. नोंद सापडली की तिच्यावरचं स्मारकाचं नाव आणि ‘पॅनेल’ किंवा कबरीचा संदर्भ दोन्ही कागदावर लिहून घ्या. मोबाइलमध्ये नको. कोहिमात पाऊस आणि थंडी दोन्ही बॅटरी खातात.

स्मारकाच्या नावावरून काय कळतं

‘कोहिमा वॉर सिमेट्री’ आणि पुढे तीन भागांचा संदर्भ असेल, समजा ‘३. एफ. १२’, तर ती कबर आहे: तिसरा विभाग, एफ ओळ, बारावी कबर. या स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,४२० राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत, त्यांतल्या बहुतांश ब्रिटिशांच्या.

‘कोहिमा क्रिमेशन मेमोरियल’ लिहिलं असेल तर तो माणूस दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांपैकी आहे. हे दहनस्मारक त्याच आवारात, सगळ्यात वर आहे.

‘इंफाळ क्रिमेशन मेमोरियल’ असेल तर जागा इंफाळच्या इंडियन आर्मी वॉर सिमेट्रीत. तिथे ८२८ कबरी आहेत आणि दहनस्मारकावर ८६८ नावं. इंफाळमध्येच ‘इंफाळ वॉर सिमेट्री’ नावाची दुसरी, वेगळी स्मशानभूमी आहे. रिक्षावाला तुम्हाला हमखास तिकडे नेईल. ‘इंडियन आर्मी’ हे दोन शब्द ठासून सांगा.

‘रंगून मेमोरियल’ असेल तर अर्थ वेगळा: देहाचा ठावठिकाणा नाही. दहन झाल्याचीही नोंद नाही. हे स्मारक म्यानमारमध्ये यांगूनच्या उत्तरेला तौक्यान इथे आहे आणि त्याच्या खांबांवर जवळजवळ सत्तावीस हजार नावं आहेत. मणिपूरच्या डोंगरात पडलेला, पण मागे राहून गेलेला सैनिकही इथेच सापडतो. कोहिमात त्याचं नाव नसणं म्हणजे कुणी त्याला विसरलं असं नाही. नावं देहाच्या नोंदीप्रमाणे वाटली गेली आहेत, लढाईच्या जागेप्रमाणे नाहीत.

चौथ्या मराठा बटालियनच्या बाबतीत हे फार लागू पडतं. १९४४च्या २१ ते २६ मार्चला ती पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत सांगशाकच्या टेकडीवर लढली. हे उखरुल भागातलं तांगखुल नागांचं गाव आहे. टेकडीवर पाणी नव्हतं, खडक असा की खंदक पुरेसे खोल जाईनात, आणि समोर जपानी ५८वी रेजिमेंट. सव्वीसच्या रात्री ब्रिगेड जंगलातून निसटली. ज्यांना चालता येत नव्हतं ते मागे राहिले. मृतांवर रीतसर संस्कार करायला कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे नोंदीत ‘चौथी बटालियन’ आणि मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांतली तारीख दिसली, तर कोहिमापेक्षा रंगूनच्या खांबांची शक्यता जास्त धरा. या सहा दिवसांच्या झुंजीने कोहिमाकडे निघालेल्या जपानी ३१व्या डिव्हिजनचा जवळजवळ आठवडा खाल्ला. कोहिमा वाचलं त्यात या आठवड्याचा वाटा मोठा आहे, आणि कोहिमाच्या कुठल्याही पाटीवर तो ठळक दिसत नाही.

जाण्याची तयारी

नागालँडसाठी इनर लाइन परमिट लागतं, दिमापूरसह. भारतीय नागरिकाला ते राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइन मिळतं. फोटो आणि ओळखपत्र स्कॅन करून द्यावं लागतं. दोन छापील प्रती जवळ ठेवा. परदेशी पासपोर्ट असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरीही, डिसेंबर २०२४पासून पुन्हा संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो. अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून येणारी भाची-पुतणी सोबत असेल तर तिच्या कागदांचं काम आधी करा. एकाच कुटुंबात दोन वेगळे परवाने लागतात हे फाटकावर कळणं फार महाग पडतं.

विमान किंवा रेल्वे दिमापूरपर्यंत. तिथून कोहिमा ७४ किलोमीटर. स्टेशनबाहेरून सुमो आणि टॅक्सी मिळतात. रस्ता नीट असेल तर अडीच-तीन तास, दरड कोसळली असेल तर सांगता येत नाही. चुमौकेदिमाच्या पुढे पाकला पहाडचा पट्टा पावसाळ्यात विशेष वाईट. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. १ ते १० डिसेंबरला हॉर्नबिल महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुप्पट भावाने. लढाईच्याच दिवसांत, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये जायचं असेल तर चिखलाची तयारी ठेवा. सैनिकांनाही तोच चिखल होता.

दोन गोष्टी मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. एक, इथे सूर्य फार लवकर मावळतो. डिसेंबरात साडेचारलाच उजेड जातो. ‘जेवून, जरा पडून, चारला निघू’ हा बेत इथे चालत नाही. दुसरी, रविवारी कोहिमा बंद असतं. दुकानं नाहीत, टॅक्सी कमी, सगळे चर्चमध्ये. शोधाचा दिवस सोमवार ते शुक्रवार ठेवा आणि सकाळी आठपर्यंत फाटकावर पोहोचा.

वाटेवरच लढाई सुरू होते

दिमापूर-कोहिमा रस्त्यावरचे जुने मैलाचे दगड हाच या लढाईचा नकाशा होता. कोहिमा म्हणजे सेहेचाळिसावा मैल. छत्तिसाव्या मैलाजवळचं झुब्झा (आता सेचू) इथे गाडी थांबवा. मदतीला निघालेल्या ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनच्या तोफा या भागात होत्या आणि रस्ता अडवून बसलेले जपानी थोडे पुढे. कोहिमाच्या अलीकडे जोत्सोमा लागतं. १६१व्या भारतीय ब्रिगेडचा मोठा भाग इथे अडकून पडला होता, पण तिच्या पहाडी तोफा इथूनच वेढ्यातल्या टेकडीभोवती गोळे टाकत राहिल्या. टेकडीवर तोफा ठेवायला जागाच नव्हती. हे आधी पाहून ठेवलं की पुढे एवढीशी टेकडी टिकली कशी हा प्रश्न पडत नाही.

कोहिमात शिरल्यावर पत्ता सांगायचा तो ‘वॉर सिमेट्री’ किंवा ‘टीसीपी गेट’. युद्धकाळातल्या वाहतूक-नियंत्रण चौकीचं इंग्रजी नाव त्या नाक्याला चिकटलं ते अजून गेलेलं नाही.

टेकडी समजून घ्या, मग चढा

कोहिमाची धार दक्षिणेकडून उत्तरेकडे टेकड्यांची माळ आहे: जीपीटी रिज, जेल हिल, डीआयएस, एफएसडी, कुकी पिकेट आणि गॅरिसन हिल. नावं रुक्ष आहेत, कारण ती लष्करी गोदामांची आणि चौक्यांची आहेत. स्मशानभूमी गॅरिसन हिलच्या उतारावर, डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या जागेवर आहे. बाकीच्या टेकड्यांवर शहर वाढलं, इमारती आल्या. तिथे ‘रणभूमी’ शोधत वणवण करू नका. गॅरिसन हिलवरून दक्षिणेकडे बोट दाखवून क्रम लावणं पुरतं.

जपानी लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो यांची ३१वी डिव्हिजन, सुमारे पंधरा हजार माणसं, ४ एप्रिल १९४४ला इथे भिडली. आत सुमारे अडीच हजार होते आणि त्यांतले बरेचसे लढाऊ नव्हतेच. दक्षिणेकडची एकेक टेकडी जात जात सगळे गॅरिसन हिलवर कोंडले गेले. पाण्याचा साठा शत्रूकडे गेला. १८ एप्रिलला मदत पोहोचली, २०ला थकलेल्या पलटणी बाहेर निघाल्या. त्यानंतर टेकड्या परत घ्यायला मे महिना उजाडून निम्मा सरला. ३१ मेला सातोंनी माघार सुरू केली. २२ जूनला इंफाळ रस्त्याच्या १०९व्या मैलाच्या दगडाजवळ कोहिमाकडून आणि इंफाळकडून निघालेल्या ब्रिटिश-भारतीय फौजा भेटल्या आणि रस्ता मोकळा झाला.

एवढ्या तारखा पाठ असल्या की कबरीवरची तारीख बोलायला लागते.

आत: कोणत्या क्रमाने चालावं

फाटकातून आत आलात की खालच्या अंगाला उभी शिळा दिसते. ती ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनची. नागा लोक पूर्वी मोठ्या शिळा ओढत आणून उभ्या करत, त्याच धर्तीची. तिच्यावरच्या ओळी जगभर प्रसिद्ध आहेत: घरी गेलात तर आमच्याबद्दल सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. सगळे इथेच फोटो काढून परत फिरतात. तुम्ही मात्र वर चला.

नोंदवही साधारणपणे प्रवेशाजवळच्या छोट्या कोनाड्यात ठेवण्याची कमिशनची पद्धत आहे. ती जागेवर असेलच यावर विसंबू नका. दमटपणामुळे वह्या काढून ठेवलेल्या असतात. म्हणूनच संदर्भ कागदावर लिहून न्यायचा. आवारात काम करणारे माळी विभागांचे क्रमांक चांगले ओळखतात. त्यांना नाव सांगू नका, विभाग आणि ओळ सांगा.

कबरी पायऱ्या-पायऱ्यांच्या सपाट्यांवर आहेत. इंग्लंड-फ्रान्ससारखी उभी शिरशिळा इथे नाही. बुटका दगडी चौथरा आणि त्यावर कांस्याची पाटी असते. पाटी वरून खाली वाचा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय, आणि कधीकधी सगळ्यात खाली घरच्यांनी निवडलेली ओळ. या खालच्या ओळी सावकाश वाचण्यासारख्या आहेत. सरकारी मजकुरात आईचा आवाज येतो तो तिथेच. नाव नसेल तर ‘देवालाच ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द असतात. तो अनोळखी देह आहे, रिकामी कबर नव्हे.

तारीख आणि पलटण एकत्र वाचली तर माणूस कुठे पडला याचा बराच अंदाज येतो. रॉयल वेस्ट केंट आणि ५ ते २० एप्रिल म्हणजे वेढ्यातला माणूस. डरहॅम लाइट इन्फन्ट्री आणि २२-२३ एप्रिल म्हणजे गॅरिसन हिलवरचा रात्रीचा हल्ला. कॅमेरॉन हायलँडर्स आणि मेचा पहिला आठवडा म्हणजे समोरचं नागा गाव. रॉयल नॉरफक आणि ४ ते ६ मे म्हणजे जीपीटी रिज. क्वीन्स रेजिमेंट आणि ७ किंवा ११-१२ मे म्हणजे जेल हिल. डॉर्सेट आणि एप्रिलअखेर ते १३ मे म्हणजे बंगला आणि टेनिस कोर्ट. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले दोघे, लान्स कॉर्पोरल जॉन हर्मन (वेस्ट केंट, ९ एप्रिल) आणि कॅप्टन जॉन रँडल (नॉरफक, ६ मे), इथेच आहेत. त्यांच्या पाट्यांवर क्रॉसची खूण शोधा.

एक मात्र ध्यानात ठेवा: माणूस जिथे पडला तिथेच त्याची कबर आहे असं समजू नका. विखुरलेले देह नंतर गोळा करून इथे आणले गेले.

टेनिस कोर्टाच्या सपाटीवर पांढऱ्या रेषा आखून ठेवल्या आहेत. टेनिस कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं, साधारण तीसेक पावलं. ती पावलं मोजत चाला. खालच्या अंगाला बंगल्याकडे जपानी, वरच्या अंगाला बचाव करणारे, आणि मध्ये एवढंच अंतर, तेही कित्येक दिवस. हातगोळा इथे फेकायचा नसतो, नुसता टाकायचा असतो. मैदानावर रायफल चालवणाऱ्या पलटणी इथे फावडं आणि हातगोळ्यांवर लढल्या, याचं कारण ही पावलं मोजल्याशिवाय कळत नाही. जवळच एक चेरीचं झाड आहे. मूळ झाड लढाईत तुटलं, आजचं त्याच्या बुंध्यातून फुटलेलं. टेकडीच्या उतारावर घसरून अडकलेला ली रणगाडाही जतन केलेला आहे. पहिल्या फेरीत तो चुकतो, म्हणून माळ्याला विचारून घ्या.

मग सगळ्यात वर, दहनस्मारक. इथे नावं अकारविल्हे एकत्र नाहीत. कमिशनच्या भारतीय स्मारकांची रीत अशी: आधी पलटण, पलटणीत हुद्दा (सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, लान्स नाईक, शिपाई), आणि हुद्द्यात इंग्रजी वर्णक्रम. त्यामुळे पलटण आणि हुद्दा माहीत नसेल तर ९१७ नावं वाचत बसावं लागतं. हुद्द्याबाबत घरच्या आठवणीवर जाऊ नका. गावाकडे सगळेच ‘सुभेदार’ होतात. पाटीवर ते शिपाई असू शकतात, आणि नाव तिथेच सापडतं.

केवळ लढाऊ पलटणी पाहून थांबू नका. सर्व्हिस कोर, पायोनियर कोर, वैद्यकीय दल, सॅपर्स यांचे रकानेही वाचा. गाड्या हाकणारे, रस्ता खोदणारे, स्ट्रेचर वाहणारे याच रस्त्यावर मेले.

नाव सापडल्यावर काय करावं, काय करू नये

उजेड समोरून नको, बाजूने हवा. ढगाळ सकाळ सगळ्यात उत्तम. ऊन असेल तर सोबतच्या माणसाने छत्री धरून सावली करावी आणि तुम्ही कडेने बॅटरी किंवा छोटा आरसा धरून फोटो काढावा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, पावडर, तेल, पाणी काही लावू नका. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणंही टाळा. तीन फोटो पुरेत: पूर्ण पाटी, नावाची ओळ, आणि पाटी कुठे आहे ते कळेल असा लांबून.

हळद-कुंकू, गुलाल, तेलवात आणि नारळ यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात निघतो. भावना बरोबर आहे, जागा वेगळी आहे. कुंकवाचा रंग दगडाच्या छिद्रांत जातो आणि पावसातही निघत नाही, तेलाचे डाग काळे होतात, आणि ओल्या खोबऱ्यामुळे कांस्य हिरवं पडतं. सुटी फुलं पायाशी ठेवा. हार असेल तर प्लॅस्टिकचा दोरा काढा. गावची माती आणलीत तर पुडीतून दाखवून परत न्या, वाफ्यात टाकू नका. बाहेरची माती म्हणजे बाहेरचं तण आणि कीड. विधी करायचाच असेल तर राहत्या खोलीवर करा.

कबरींच्या मधल्या वाफ्यांत पाय पडू देऊ नका, चौथऱ्यावर बसू नका. मुलांना टेनिस कोर्टवर धावू द्यावं की नाही यावर मतं वेगळी असतील. आमच्या मते चालावं, धावू नये. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

उरलेल्या दिवसात

कोहिमा गावात, म्हणजे जुन्या नागा वस्तीत, कॅमेरॉन हायलँडर्सचं स्मारक आहे. तिथून वळून पाहिलं की गॅरिसन हिल जपान्यांना कशी दिसली ते कळतं. ही वस्ती आहे, पर्यटनस्थळ नाही. अंगणातून जाण्याआधी विचारा. लढाईत जळलं ते घर त्यांचं होतं. इंफाळ रस्त्यावर किसामाच्या वारसा-गावात महायुद्धाचं संग्रहालय आहे. अर्धा दिवस धरा. जपानी मृतांची कबर कोहिमाच्या या आवारात नाही. त्यांचं स्मारक पाहायचं तर इंफाळच्या दक्षिणेला माइबाम लोकपा चिंग इथे जावं लागतं.

कोहिमाहून इंफाळ साधारण १४० किलोमीटर आहे, पण एकाच फेरीत दोन्ही उरकण्याचा बेत सध्या जपून करा. मे २०२३पासून मणिपूरमध्ये अशांतता आहे आणि डोंगर-खोऱ्यामधले रस्ते कधीही बंद होतात. मणिपूरला वेगळं इनर लाइन परमिट लागतं. इंफाळला विमानाने जाऊन तिथूनच परतणं बरं. सांगशाकला इंफाळहून उखरुलच्या रस्त्याने जायचं असतं. त्या दिवसाची स्थिती स्थानिकांकडून आणि प्रशासनाकडून विचारल्याशिवाय निघू नका. वाट बंद असेल तर सांगशाक पुढच्या खेपेला ठेवा.

नाव सापडलंच नाही तर

आधी खात्री करा की माणूस युद्धाच्या काळात मरण पावला होता. कमिशनची दुसऱ्या महायुद्धाची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे. जखमी होऊन घरी आला आणि १९५०मध्ये गेला, तर नाव कुठल्याच स्मारकावर नसेल. भारतात इतरत्र इस्पितळात गेला असेल तर गुवाहाटी, दिगबोई किंवा दुसऱ्या ठिकाणची नोंद पाहा.

पलटणीची दैनंदिनी हा पुढचा टप्पा. आग्नेय आशियातल्या तुकड्यांच्या दैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ १७२’ या मालिकेत आहेत. त्यांत शिपायांची नावं क्वचित असतात, पण त्या तारखेला बटालियन कुठे होती हे कळतं. तिकडे राहणारं कुणी नात्यात असेल तर एका दिवसाचं काम आहे: वाचकपत्र काढायचं, बटालियन आणि वर्ष सांगून फाइल मागवायची, हव्या त्या महिन्याच्या पानांचे फोटो घ्यायचे.

नोंद सापडली पण चुकीची निघाली, म्हणजे वडिलांचं नाव वेगळं, गाव चुकलेलं, स्पेलिंग बिघडलेलं, तर कमिशनला दुरुस्तीसाठी लिहिता येतं. सोबत त्या काळचा कागद हवा: पदकाचा फोटो, पेन्शनचा आदेश, मृत्यूची तार. आजचं आधार कार्ड किंवा सरपंचाचा दाखला यांनी तुमचं नातं कळेल, १९४४ची नोंद बदलणार नाही. एका पत्रात एकच माणूस, एकच दुरुस्ती, आणि वर नोंदीचा क्रमांक.